साहेबाची हुंडणावळ

सप्टेंबर २०२२. सोमवारची सकाळ. लीड्समधल्या भाड्याच्या खोलीत डोळे चोळत मोबाईल बघितला, तर पौंड आपटलेला! आदल्या शुक्रवारी, म्हणजे २३ तारखेला, लिझ ट्रस यांच्या नव्या सरकारच्या अर्थमंत्र्यांनी कर्ज काढून करकपात जाहीर केली होती. त्याचा हा परिणाम. डॉलरच्या हिशोबात पौंडाने तोवरचा सगळ्यात नीचांक गाठला होता. माझ्या डोक्यात मात्र डॉलर नव्हता, ५ तारीख होती. दर महिन्याच्या ५ तारखेला पुण्यातल्या फ्लॅटचा ४२,००० रुपयांचा हप्ता जातो. वर्षाच्या सुरुवातीला पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता, तेव्हा त्यासाठी ४२० पौंड पाठवायला लागायचे. आता भाव नव्वदीच्या खाली. ८८ धरला तरी ४७७ पौंड. म्हणजे काहीही न करता महिन्याला ५७ पौंड उडाले. आठवडाभराचा किराणा आणि वर बसचा पास!

ऑनसाईटवरची पोरं अशा वेळी काय करतात? एकमेकांना चार्ट पाठवतात आणि उगाच तज्ज्ञ असल्यासारखं बोलतात. मी एक पाऊल पुढे गेलो. एचआरला मेल टाकली, की बाबांनो, या परिस्थितीत काही भत्ता वगैरे मिळू शकतो का? दोन ओळींचं उत्तर आलं. विनिमय दरातल्या बदलांची जबाबदारी कर्मचाऱ्याची. विषय संपला.

त्याच वैतागात रात्री रुपयाचा इतिहास वाचत बसलो. आणि सापडलं काय, तर साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी अशीच तक्रार केलेली माणसं होती आणि त्यांना भत्ता चक्क मिळाला होता! माणसं होती इंग्रज. परदेश होता आपला देश. आणि आपटलेलं चलन होतं रुपया.

असो. तर आजचा लेख त्यांच्यावर. शीर्षकातला शब्द मुद्दाम जुना घेतलाय. हुंडी एका गावाहून दुसऱ्या गावी वटवताना जो भाव लागतो तो हुंडणावळ. आपले आजोबा-पणजोबा विनिमय दराला हाच शब्द वापरायचे. मला तो 'एक्सचेंज रेट'पेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यात 'वळ' आहे आणि तो कुणाच्या तरी पाठीवर उठतोच :-)

सुरुवात एका नाटकापासून करतो. ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' हे नाटक १४ फेब्रुवारी १८९५ ला लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं. निव्वळ विनोदी नाटक. त्यात एक शिकवणारी बाई आपल्या विद्यार्थिनीला अर्थशास्त्राचा अभ्यास करायला सांगते, पण रुपयाच्या घसरणीवरचं प्रकरण मात्र गाळ म्हणते. ते फार खळबळजनक आहे, कोवळ्या मुलीला सोसायचं नाही, असा एकूण भाव. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा यात हसण्यासारखं काय ते कळलंच नव्हतं. लंडनच्या प्रेक्षकाला रुपयाशी काय देणंघेणं? पण त्या थिएटरमध्ये बसलेल्या कितीतरी लोकांचा भाऊ, नवरा, जावई हिंदुस्थानात नोकरीला होता आणि त्याची मनीऑर्डर वर्षानुवर्षं आटत चालली होती. त्यांच्यासाठी तो घरातला विनोद होता.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, सोपं आहे. १८३५ पासून कंपनी सरकारच्या सगळ्या मुलखात एकच रुपया चालू झाला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोब्बर एक तोळा. आपण 'रुपयाभार' म्हणतो ते हेच. त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळी सगळ्यांना उघड्या होत्या. कुणीही चांदी घेऊन जावं, किरकोळ कपात देऊन तेवढ्या वजनाचे रुपये पाडून आणावेत. म्हणजे रुपया आणि चांदी एकच. बंदा रुपया म्हणजे खरोखर बंदा! तिकडे इंग्लंडचा पौंड सोन्याचा. म्हणजे हुंडणावळ ठरायची ती सोनं आणि चांदी यांच्या आपसातल्या भावावर. हा भाव कित्येक वर्षं फारसा हलला नव्हता. रुपयाला साधारण दोन शिलिंग, म्हणजे २४ पेन्स, हा हिशोब लोकांच्या अंगवळणी पडला होता. (एका पौंडात २० शिलिंग आणि एका शिलिंगात १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. पुढे हा आकडा लागणार आहे.)

१८७०च्या दशकात हे गणित बिघडलं. फ्रान्सला हरवून एक झालेल्या जर्मनीने सोन्याचं चलन घेतलं आणि जुनी चांदी विकायला काढली. अमेरिकेने १८७३ च्या कायद्यात चांदीचा डॉलर वगळला. फ्रान्स आणि त्याच्या मित्रदेशांनी चांदीची नाणी पाडणं आधी कमी आणि मग बंद केलं. त्यात नेवाडाच्या खाणींतून चांदी धो धो येत होती. गिऱ्हाईक कमी, माल जास्त. १८७१-७२ साली रुपयाला २३ पेन्स मिळत होते. १८९२-९३ साली ते १५ झाले आणि १८९४-९५ साली १३. दोन-अडीच दशकांत रुपयाची किंमत जवळजवळ निम्मी!

पण ज्याचा पगार रुपयांत आणि खर्चही रुपयांत, त्याला याची झळ लगेच लागत नव्हती. शिरूरच्या बाजारात ज्वारी घ्यायला पेन्स लागत नाहीत. झळ लागली ती एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे असलेल्या माणसाला. म्हणजे साहेबाला.

समजा एक साहेब आहे, पगार महिना २,००० रुपये. त्या काळी हा राजेशाही पगार. पण मुलं पाच-सात वर्षांची झाली की इंग्लंडला पाठवायची पद्धत होती. रडयार्ड किपलिंग हे त्यातलंच एक मूल. वडील मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि १८७१ साली पाच वर्षांच्या रडयार्डला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये परक्या घरात ठेवलेलं. पुष्कळदा बायकोही मुलांपाशी तिकडेच राहायची. तेव्हा आपला साहेब अर्धा पगार, १,००० रुपये, घरी पाठवतो. २३ पेन्सच्या भावाने ते ९६ पौंड होत होते. १३ पेन्सच्या भावाने ५४ पौंड. शाळेची फी काही अर्धी होत नाही. मला त्या साहेबाची दया येते हे कबूल करायला हरकत नाही. तो ५ तारखेचा गोळा पोटात येणं काय असतं ते मला माहीत आहे.

पण साहेबापेक्षा मोठा पैसे पाठवणारा एक होता. खुद्द हिंदुस्थान सरकार!

दरवर्षी लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावावर पौंडांत खर्च व्हायचा. निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांना दिलेली हमी, लष्कराचा खर्च, इंडिया ऑफिस. याला 'होम चार्जेस' म्हणायचे. सारा आणि कर गोळा व्हायचा रुपयांत आणि हा खर्च पौंडांत. मग पैसे पाठवायचे कसे? तर भारतमंत्री दर बुधवारी बँक ऑफ इंग्लंडमध्ये हुंड्या विकायचे. त्यांना 'कौन्सिल बिल' म्हणत. ज्या व्यापाऱ्याला हिंदुस्थानातून कापूस, गहू, ताग विकत घ्यायचा आहे तो लंडनला पौंड भरायचा आणि हुंडी घ्यायचा. ती हुंडी मुंबईला किंवा कलकत्त्याला दाखवली की सरकारी तिजोरीतून रुपये मिळायचे. पौंड लंडनलाच राहिले, रुपये हिंदुस्थानातच राहिले, समुद्र ओलांडून नाणं गेलंच नाही. आज आपण ॲपवरून पैसे पाठवतो तेव्हा आतमध्ये बरेचदा असंच चालतं. इकडच्या खात्यात पौंड घेतले, तिकडच्या खात्यातून रुपये दिले. कल्पना जुनीच आहे, इंटरफेस नवा.

आता आकडे बघा. १८९२-९३ साली असे १,६५,३२,२१५ पौंड पाठवले गेले. त्या वर्षीच्या १५ पेन्सच्या आसपासच्या भावाने त्यासाठी २६ कोटी ४८ लाख रुपये लागले. १८७३-७४ चा भाव राहिला असता तर १७ कोटी ७५ लाखांत काम झालं असतं. म्हणजे एका वर्षात पावणेनऊ कोटी रुपये फक्त हुंडणावळीत गेले. सरकारने नेमलेल्या हर्शेल समितीनेच हा हिशोब मांडलाय.

यातला पेन्शनचा भाग मला फार बोलका वाटतो. सिव्हिल सर्व्हिसमधल्या साहेबाला निवृत्तीनंतर वर्षाला १,००० पौंड मिळत, त्यात त्याची स्वतःची वर्गणी धरलेली असे. ते पौंडांतच ठरलेले. त्यामुळे चेल्टनहॅमला बागकाम करत बसलेल्या निवृत्त साहेबाला रुपया घसरल्याचं पेपरात वाचूनच कळायचं. पण इकडे तिजोरीतून त्याच्यासाठी २३ पेन्सच्या भावाने १०,४३५ रुपये जायचे, तेच १३ पेन्सच्या भावाने १८,४६१ व्हायचे. माणूस तोच, पेन्शन तीच. वरचे आठ हजार कुणी दिले?

मिठाने दिले. १८८८ च्या जानेवारीत मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. ब्रह्मदेशातल्या युद्धाचा खर्च हे एक कारण होतं आणि हुंडणावळ हे दुसरं. लंडनच्या बाजारात चांदी पडली की कोकणातल्या माणसाच्या भाकरीवरचं मीठ महाग व्हायचं, आणि त्या बिचाऱ्याने पेन्स कधी डोळ्यांनी पाहिलेला नसायचा!

सरकारलाही हे झेपेना. शेवटी २६ जून १८९३ ला व्हाईसरॉय लॅन्सडाऊन आणि अर्थखातं सांभाळणारे सर डेव्हिड बार्बर यांनी कायदा करून टाकसाळी लोकांसाठी बंद केल्या. कल्पना अशी, की नवीन रुपये कमी निघाले की रुपया दुर्मिळ होईल आणि त्याचा भाव चांदीच्या भावापासून सुटून वर चढेल. उद्दिष्ट १६ पेन्स. ते लगेच साधलं नाही, आधी रुपया आणखी पडला. पण १८९८च्या सुमारास १६ पेन्स जमले आणि पौंडाला १५ रुपये हा भाव पुढे पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला.

आणि त्याच १८९३ साली तो भत्ता आला, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतलाय. एक्सचेंज कॉम्पेन्सेशन अलाऊन्स. नियम असा. भारतात कायमचं घर नसलेल्या युरोपीय आणि युरेशियन सरकारी नोकराचा अर्धा पगार, वर्षाला जास्तीत जास्त १,००० पौंडांपर्यंत, १८ पेन्सच्या भावाने पौंडांत मोजायचा. बाजारात भाव त्याहून कमी असेल तर मधला फरक सरकार भरून देणार. आमच्या भाषेत सांगायचं तर रेट हार्डकोड केला. बाजार काहीही म्हणो, फंक्शन १८च परत करणार.

आपल्या २,००० रुपयेवाल्या साहेबाचं गणित करू. अर्धा पगार १,००० रुपये. १८ पेन्सने ७५ पौंड. १३ पेन्सने ५४ पौंड. फरक जवळजवळ २१ पौंड, म्हणजे बाजारभावाने महिन्याला ३८५ रुपये. आता हा आकडा कशाशी तरी ताडून बघू. याच्यानंतर नऊ वर्षांनी नेमलेल्या पोलीस आयोगाने शिफारस केली, की शिपायाला महिन्याला निदान ८ रुपये तरी पगार असावा. म्हणजे एका साहेबाच्या नुकसानभरपाईत ४८ शिपायांचा पगार निघाला असता. नुकसानभरपाईत बरं का, पगारात नव्हे.

भत्ता कुणाला नाही हेही बघा. सत्येंद्रनाथ टागोर हे सिव्हिल सर्व्हिसमध्ये गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ. ते तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच न्यायाधीश होते. सर्व्हिस तीच, पण नियमाच्या शब्दांत ते बसत नव्हते. एका अर्थी तर्क बरोबर आहे, त्यांना लंडनला घर चालवायचं नव्हतं. पण नोकरी रुपयांत स्वीकारली होती साहेबानेही. भाव वर असताना त्याने फायदा तिजोरीत परत केला नव्हता. भाव पडल्यावर तोटा मात्र तिजोरीचा. १८९३ च्या डिसेंबरात लाहोरला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तिथे या भत्त्याचा निषेधाचा ठराव झाला. वर्षाला कोटीहून अधिक रुपये, तेही तिजोरी अडचणीत असताना, हा त्यांचा मुद्दा होता.

पण टाकसाळी बंद झाल्याचा सगळ्यात वाईट फटका बसला तो भत्त्याच्या वादात नावही नसलेल्या माणसांना. खेड्यातल्या माणसाची बँक म्हणजे बायकोच्या अंगावरची चांदी. गोठ, तोडे, वाळे. सुगीला करायची आणि दुष्काळात मोडायची. टाकसाळी उघड्या होत्या तोवर रुपयाभार चांगल्या चांदीला सराफाने कितीही घासाघीस केली तरी रुपयाच्या फार खाली जाता येत नव्हतं. कारण टाकसाळ तेवढे देतच होती. २६ जूननंतर तो आधार गेला. रुपया १६ पेन्सला चढवला, चांदी मात्र पडतच राहिली. १८९८-९९ च्या सुमारास रुपयातल्या चांदीची बाजारातली किंमत जेमतेम १० पेन्स होती. म्हणजे रुपयाभार चांदीला सोळा आण्यांऐवजी दहा आणे. आणि लगेच पुढच्या वर्षी, १८९९-१९०० मध्ये, मोठा दुष्काळ पडला. लोक चांदी मोडायला बाजारात गेले तेव्हा त्यांच्या आयुष्यभराच्या बचतीतले सहा आणे आधीच गेलेले होते. त्यांना कुणी अलाऊन्स दिला नाही. कदाचित ते सहा आणे कुठे गेले हेही कुणी सांगितलं नसेल.

हे सगळं इंग्रजांना त्यांच्याच आकड्यांत ऐकवलं ते आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. गोखले म्हणजे फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलेला माणूस. २६ मार्च १९०२ ला कलकत्त्यात कायदे कौन्सिलात त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केलं. सरकार खुशीत होतं, दरवर्षी शिल्लक पडत होती. भरभराट झाल्याचं हे लक्षण आहे असं सरकारचं म्हणणं. गोखल्यांनी विचारलं, कसली भरभराट? रुपया १३ पेन्सचा असताना होम चार्जेस भागावेत म्हणून तुम्ही कर वाढवलेत. आता रुपया १६ चा झाला, तेवढेच पौंड पाठवायला कमी रुपये लागतात, आणि कर मात्र १३ च्या हिशोबाचेच ठेवलेत. ही शिल्लक म्हणजे रयतेकडून जास्तीचे घेतलेले पैसे आहेत, ते परत करा. (शब्द माझे, मुद्दा त्यांचा.) दुष्काळाने पिचलेल्या देशात सरकारची शिल्लक कशी काय पडते याचं इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, मिठावरचा कर अडीच रुपयांवरून परत दोन रुपये झाला आणि नंतरही उतरत गेला.

आता गोष्टीतला शेवटचा माणूस. हाही परदेशात राहणारा, पण साहेब नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

पहिल्या महायुद्धात चांदी भयंकर महागली आणि रुपया एकदम उलट्या दिशेला उधळला. १९२० च्या फेब्रुवारीत तो ३२ पेन्सच्याही वर गेला होता. सरकारने दोन शिलिंगांचा भाव टिकवायचा प्रयत्न केला आणि तो साफ फसला. १९२१ मध्ये रुपया परत १६ पेन्सच्या खाली. नेमक्या याच काळात, १९२० च्या जुलैत, सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राचं कर्ज एवढ्या बळावर आंबेडकर अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. १९२१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी तिथून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. आता ३२ पेन्सच्या भावाने २०० पौंड म्हणजे १,५०० रुपये. १६ पेन्सच्या भावाने ३,०००. दीड वर्षात तेच शिक्षण दुपटीने महाग! हे गणित करताना मला माझ्या ५७ पौंडांची जरा लाजच वाटली.

आणि या माणसाने प्रबंधाला विषय कुठला घेतला? रुपयाचाच! 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालं. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चलन पडलं की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असं तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणतात. आंबेडकर विचारतात, देशाचा म्हणजे कुणाचा? रुपया पडला की किंमती वाढतात, मजुरी मात्र मागे राहते. व्यापाऱ्याला जो फायदा दिसतो तो बाहेरून येत नाही, आपल्याच मजुराच्या खिशातून येतो. म्हणून नुसता पौंडाशी भाव स्थिर ठेवून चालणार नाही, रुपयाने देशात काय विकत घेता येतं ते स्थिर राहिलं पाहिजे. हुंडणावळीकडे बंदरावरून न बघता बाजारातून बघा, असं म्हणणारा हा माणूस होता.

हे वाचून झाल्यावर माझी एचआरवरची चिडचिड गेली असं नाही. पण प्रश्न बदलला. दर वर-खाली होणारच, ते कुणाच्या हातात नाही. मधला फरक कुणी सोसायचा हे मात्र माणसं ठरवतात. आणि बहुतेक वेळा ज्याचा आवाज लंडनपर्यंत पोचतो तो सोसत नाही. त्या न्यायाने मी साहेब होतो की रयत? २०२२ मध्ये मी स्वतःला रयत समजत होतो. दोन वर्षांनी उत्तर जरा अवघड झालं.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये पौंड ११० वर होता. आमच्या ऑनसाईटच्या ग्रुपवर आनंदीआनंद. रुपया पडला की आम्ही मिठाईचे इमोजी टाकतो. तेच ४२,००० रुपये आता ३८२ पौंडांत जात होते. आणि त्याच महिन्यात माझी धाकटी बहीण एमएस्सीसाठी इंग्लंडला आली. फी १८,००० पौंड. बाबा एसटीतून निवृत्त झालेले, पैसे प्रॉव्हिडंट फंडाचे, रुपयांत. शंभरच्या भावाने ते १८ लाख झाले असते. ११० ने १९ लाख ८० हजार. ज्या भावाने मी खूश होतो त्याच भावाने बाबांचे एक लाख ऐंशी हजार जात होते. एकाच घरात!

मग आम्ही घरगुती कौन्सिल बिल काढलं. फी मी माझ्या पौंडांतून इथेच भरली आणि बाबांनी तेवढे रुपये पुण्यात माझ्या गृहकर्जात भरायचे ठरलं. बँकेचं कमिशन वाचलं. पण तेवढे म्हणजे किती? फोनवर खरा वाद झाला तो यावर. मी म्हटलं, शंभरचा भाव धरा, गोल आकडा. बाबा म्हणाले, "अरे, बाजारात एकशे दहा चालू आहे, मला पेपरात दिसतंय ना. तू काय सरकार आहेस का, आपल्या मनाने भाव ठरवायला?"

मी त्यांना १८९३ ची सगळी गोष्ट सांगितली. साहेब, भत्ता, १८ पेन्स, मीठ, चांदी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी स्वतःच्या फायद्याचा भाव ठरवला आणि तू माझ्या फायद्याचा ठरवतोयस. पण ठरवणारा तूच ना? बाजारभावाने घे. मला मिंधेपण नको."

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. २०२४ च्या शेवटी मी परत आलो. बाबांनी त्यांच्या निळ्या वहीत हिशोब लिहून ठेवलाय, दोन रकाने केलेत. एकात ११०, एकात १००. १८ लाख भरून झालेत. वरच्या एक लाख ऐंशी हजारांवरून दर रविवारी चहाच्या वेळी आमची हर्शेल समिती बसते. अजून अहवाल आलेला नाही.